दोन पेट्यांमधला कागद

"अहो, नीट बघा हं. मला मेलीला त्यातलं काही कळत नाही," बायको म्हणाली आणि तिने पेटीतली मधमाश्यांनी भरलेली चौकट त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

त्याने बघितलं. विकत आणलेली राणी पाठीवरचा निळा ठिपका मिरवत फिरत होती आणि कामकरी माश्या तिला भरवत होत्या. माश्यांनी तिला आपलं म्हटलं होतं. त्याने डावा हात खुर्चीच्या दांड्यावर एकदा आपटला. एकदा म्हणजे ठीक. उजवा हात आणि वाचा, दोन्ही अर्धांगाच्या झटक्याने नेली होती.

एके काळी हा माणूस बोलून बोलून समोरच्याचं डोकं खायचा. मधमाश्यांचा विषय निघाला की पाहुण्यांचा चहा गार झालाच म्हणून समजा. सगळे त्याला भुंगाच म्हणत. आता भुंग्याच्या तोंडून 'आ' सोडून काही निघत नव्हतं, आणि जो तो त्या 'आ'चा आपल्या सोयीने अर्थ लावत होता. त्याचा त्याला मनस्वी संताप यायचा.

लेक दुसऱ्या शहरात होती. तिथे वाचा परत आणायचे उपचार होते, व्यायाम करून घेणारी माणसं होती. "उशीर झाला तर उपयोग नाही हो, बाबा," ती फोनवर काकुळतीला येऊन सांगायची. भुंगा नकाराची मान हलवायचा आणि कुंपणाकडे बोट दाखवायचा. तिथे त्याच्या उरलेल्या दोन पेट्या होत्या. बाकीच्या तो अंथरुणाला खिळला तेव्हाच ओस पडल्या होत्या.

शेवटी बायकोनेच तोड काढली. "थंडीआधी माश्या सावरल्या तर इथेच राहू. नाही सावरल्या तर मुकाट्याने लेकीकडे. कबूल?"

त्याने हात आपटला. कबूल.

दोन्ही पेट्या अशक्त होत्या. एकटीने थंडी काढणं कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं, म्हणून त्यांची एक करायची होती. उजव्या पेटीत नवी राणी रुजली होती. डावीतली म्हातारी राणी बायकोने आधीच काढून टाकली होती. आता एक पेटी दुसरीवर ठेवायची आणि मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा. माश्या कागद कुरतडून पलीकडे पोचेपर्यंत एकमेकींचा वास ओळखीचा होतो आणि मारामारी टळते. मात्र राणी एकच हवी. दोन असल्या तर त्या एकमेकींच्या जिवावर उठतात आणि सगळं मुसळ केरात.

मधल्या काळात भुंगा न्हाणीघरात पडला. बायकोला तो काही केल्या उचलेना. दूधवाला येईपर्यंत ती ओल्या फरशीवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली.

"लग्नानंतर पहिल्यांदाच इतका वेळ माझ्याजवळ गप्प बसलात," ती हसत म्हणाली. दूधवालाही हसला. मग दोघांनी मिळून त्याला पलंगावर नेलं.

कागद घालायच्या दिवशी तिने डावीतली एकेक चौकट त्याला दाखवली. शेवटची चौकट आली तसा तो खुर्चीत पुढे झुकला. माश्यांच्या गर्दीतून एक सडपातळ, लांबट माशी झपझप खाली सरकली. पाठीवर ठिपका नव्हता. म्हातारी गेल्यावर माश्यांनी गुपचूप दुसरी राणी वाढवली होती.

त्याने हात उचलला. "आ! आ!"

"माशी बसली का हातावर?" बायकोने फुंकर मारली आणि चौकट पेटीत ठेवून दिली.

तो दांड्यावर हात आपटत राहिला.

"हो हो, कळलं. पाठ अवघडली ना? एवढं उरकते आणि आत नेते." तिने कागद पसरला, सुईने चार भोकं पाडली, वर दुसरी पेटी चढवली. तो धाप लागेपर्यंत ओरडला. तिने त्याची हनुवटी पुसली.

पुढचे दिवस त्याने जिवाचा आटापिटा केला. डाव्या हातात खडू धरून फरशीवर राणी काढली.

"काकडी हवी का? देते कापून," बायको म्हणाली आणि खरंच कापून घेऊन आली. त्याने ताटली ढकलून दिली.

पेटी उघडली तेव्हा थंडी पडायला लागली होती. निळ्या ठिपक्याची राणी दारातच मरून पडली होती. तिला मारणारी आत होती, पण ती कोवळी. हंगाम संपला होता, नर उरले नव्हते, तिचं मिलन आता व्हायचं नव्हतं. अंडी नाहीत, म्हणजे नव्या माश्या नाहीत. पेटी हळूहळू रिकामी होणार हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

भुंगा रडला. घर सुटणार म्हणून रडला, माश्यांसाठी रडला आणि सगळ्यात जास्त बायकोसाठी. पाठ दुखत असताना तिने पेट्या उचलल्या, डंख सोसले, आणि सगळं मातीमोल झालं. बिचारीला काय कळणार? ज्याला कळत होतं त्याची जीभ लाकडाची झाली होती.

बायको शेजारी पालथ्या खोक्यावर बसली. "उद्या लेक गाडी घेऊन येतेय," ती म्हणाली. "तुमचे गरम कपडे भरलेत मी."

त्याने मेलेल्या राणीकडे बोट दाखवलं. मग तेच बोट स्वतःच्या तोंडाकडे नेलं आणि मान खाली घातली.

तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुमचा काही दोष नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही हात उचलायच्या आधीच मला ती बिनठिपक्याची दिसली होती."