दगडावरची खालची ओळ

पाथरवटानं छिन्नी दगडाला टेकवली, पण हातोडा उचलला नाही. तो वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिला. दगड त्यांच्या नवऱ्याच्या थडग्याचा होता, तेव्हा हो किंवा नाही त्यांनीच म्हणायचं, एवढं त्याला कळत होतं.

"फक्त खालची ओळ," पाळक म्हणाले. "वचन राहू दे. वचन सुंदर आहे."

पाळक त्यांचे सख्खे धाकटे दीर. पाळकांचं ऐकून चर्चची अख्खी मंडळी या भावजयीला वहिनीच म्हणायची. आणि आज हे दीर पाथरवटाच्या शेडमध्ये दगडाच्या भुकटीत स्वच्छ बूट घालून उभे होते, भावाच्या थडग्यावरचं लिखाण खोडून घ्यायला.

दगडावर नाव होतं, जन्माचं आणि मरणाचं साल होतं. त्याखाली ते वचन, भली माणसं देवाच्या हातात सुखरूप असतात, तिथं त्यांना कसली वेदना पोचत नाही, अशा अर्थाचं. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत, ते कुठल्या पुस्तकातलं, त्या पुस्तकाचं नाव. घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. ते पुस्तक पाळकांच्या बायबलात नव्हतं. वहिनींचं माहेर दुसऱ्या पंथाचं, तिथल्या देवळात वाचत त्या बायबलात होतं. माहेरी ते पवित्र शास्त्र होतं, सासरी नव्हतं. लग्न होऊन आल्यावर वहिनींनी आपलं बायबल कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि उभ्या संसारात त्यावरून चकार शब्द काढला नाही.

ते खाली काढायला लावलं नवऱ्यानं. दुखणं हाडात उतरल्यावर तो म्हणाला, तुझ्यातलं काहीतरी वाच, आमच्यातलं मला पाठ आहे. या वचनापाशी त्यानं त्यांना थांबवलं. पुढे कळ आली की तेवढंच मागायचा. माझ्या दगडावर हेच घाल, म्हणाला, आणि कुठलं आहे तेही घाल, नाहीतर लोकांना वाटेल मीच जुळवलंय. असलं दुखणं अंगावर घेऊनही हसला होता मेला. वहिनींनी त्याला शब्द दिला होता.

पाळक समजावणीच्या सुरात बोलत होते. ही पुस्तकं माणसांनी लिहिलेली, वाचायला चांगली, पण शास्त्र म्हणून धरायची नाहीत, हे फार पूर्वीच ठरलेलं आहे. दफनभूमीच्या कमिटीचे सेक्रेटरी इथून जाताना दगड बघून गेले. आज दगडावर चालवून घेतलं, तर उद्या कोणी वेदीवरून वाचायला मागेल. माझाही तो भाऊ होता, वहिनी, ते म्हणाले. पण माझ्या हातात नाही.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाच्या उशाशी हा माणूस बसला होता, त्याचं तोंड पुसलं होतं. दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं.

"भावजी, शवपेटीवर हात ठेवून तुम्ही हेच वचन म्हणालात," त्या म्हणाल्या. "एकदा नाही, तीनदा."

"तुम्ही सांगितलंत, त्याला आवडायचं म्हणून. मला वाटलं, आपल्या स्तोत्रांतलं असेल. त्या दिवशी कोण उघडून बघणार होतं?"

"देवाचं वचन ऐका, म्हणालात. सगळी मंडळी आमेन म्हणाली. सेक्रेटरीसुद्धा."

पाळकांनी रुमालानं मान पुसली. ते माझ्याकडून चुकलं, पण दगडावर चूक कायमची राहते, असं काहीसं ते पुटपुटले. मग पाथरवटाला म्हणाले, घ्या उरकून.

पाथरवटाची अडचण वेगळीच होती. अक्षरं खोल गेली होती, ती घासून काढली की तिथं खळगा पडणार. पुढचा दात पडल्यासारखं दिसेल, तो म्हणाला. त्याच जागी दुसरं काहीतरी कोरलं तर खळगा झाकेल. पाळक लगेच म्हणाले, मग एखादं फूल काढा, नाहीतर साधा क्रूस.

"फूल नको," वहिनी म्हणाल्या. "पाळकसाहेबांचं नाव घाला."

पाथरवटानं छिन्नी खाली ठेवून कानामागची पेन्सिल काढली. त्यानं पाळकांचं पूर्ण नाव विचारलं. पाळकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"वहिनी, हे काय भलतंच?"

"भलतं काय त्यात? वचन कुठलं ते खाली घालायला तुमच्या भावानं मला बजावलंय. पुस्तकाचं नाव तुम्हाला चालत नाही. पण सगळ्यांनी ते ऐकलं तुमच्याच तोंडून, त्याला आमेन म्हणाले तेही तुमच्यासमोर. मग तुमचंच म्हणायचं."

"अहो, पण ते माझं नाही. एवढं मोठं वचन मी माझ्या नावावर कसं घेऊ? पाप लागेल मला."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. वहिनींनी त्यांना सावरून घेतलं नाही. त्यांनी फक्त दीरांच्या तोंडावर नजर रोखून धरली.

पाथरवटानं दगडावर फुंकर मारली, खालच्या ओळीवरची भुकटी उडाली. त्याला दुपारपर्यंत आणखी एक दगड संपवायचा होता. त्यानं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि पाळकांकडे बघितलं.

"तुमचं नाही ना," तो म्हणाला. "मग कुणाचं म्हणून घालू?"