रिकामी चौकट

“तुझं पान मला खोटं पाडतंय,” आई फोनवर म्हणाली. “मी काही लिहिलं नाही, ह्यांनी तर नाहीच नाही. तरी बंद करायला गेले की विचारतंय, लिहिलेलं जतन केलेलं नाही, तरीही जायचं का? ‘जा’ दाबते आणि मोकळी होते.”

“दाबू नकोस. दोन मिनिटं थांब,” लेक म्हणाली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

पक्षाघातातून उठणाऱ्यांसाठी दवाखान्याने इंटरनेटवर जे पान करवून घेतलं होतं, ते तिनेच बांधलेलं. त्यावर एक चौकट होती आणि रोज सकाळी तिच्यात रुग्णाने निदान एक अक्षर उमटवायचं होतं. तिचे बाबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. आता उजवा हात लुळा होता, वाचा गेली होती. आई डावा हात मोकळा राहील अशी टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवायची, चहा टाकायला जायची आणि परत आल्यावर पान बंद करायची. एक्केचाळीस दिवस चौकट कोरी होती. आज दुपारी डॉक्टर बाबांचे उपचार थांबवायचे की नाही ते ठरवणार होते, आणि कोऱ्या चौकटी बघून ते काय ठरवणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बंद करताना हटकणारी ही सूचना तिला पहिल्यापासून हवी होती. पण जाणाऱ्या पाहुण्याला दारात अडवू नये, लोक वैतागतात, असं म्हणून तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी ती काढायला लावली होती. मग एका रुग्णाचा अर्ध्या तासाचा मजकूर वाहून गेला, त्याच्या बायकोने साहेबांना फैलावर घेतलं, आणि काल संध्याकाळी सूचना परत बसली. पहिल्याच सकाळी ती विनाकारण हटकत असेल, तर साहेब आता लेकीला सोडणार नव्हते.

तिने घाईघाईने तपासलं. नियम एकच होता. चौकटीत एक तरी अक्षर नवं असेल तरच विचारायचं. तिने कोरं पान बंद केलं, ते निमूट मिटलं. एक अक्षर टाकून बंद केलं, तेव्हा सूचना आली. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. पान खोटं बोलत नव्हतं.

ती फोनकडे वळली.

“आई, ‘थांबा’ दाब. आता चौकटीखालचं ‘जतन’ दाब. दाबलंस? चौकटीत काय दिसतंय?”

“काय दिसायचंय? रोजच्यासारखी रिकामी. त्यांना हे प्रकरण आवडतच नाही, बाई. मी बंद केलं की गुरगुरतात आणि भिंतीकडे तोंड फिरवतात. आज तर माझा हातच धरला.”

चौकटीतली अक्षरं बारीक आणि फिकट राखाडी होती. डोळ्यांना शांत वाटावीत म्हणून लेकीनेच ती तशी निवडली होती.

“चष्मा कुठाय तुझा?”

“फडताळात. चहाच्या वाफेने धुरकटतो, म्हणून सकाळी लावत नाही.”

“लाव आणि वाच.”

फडताळाचं दार करकरलं. लेकीने फोन कानाशी इतका दाबला होता की कान दुखायला लागला. पलीकडे आई नाक ओढत होती, आणि तिच्या शेजारी कुणीतरी घशातल्या घशात हसत होतं. ते हसू तिने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

“वाचते,” आई म्हणाली, आणि एकेक शब्द सुटा करत तिने वाचलं, “रोज लिहितो. रोज पुसतेस. चष्मा लाव.”