गंजातला शर्ट

कमलानं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला, तरी तिला नवऱ्याचा शर्ट दिसेना.

पत्रा तोच होता. खाली पुठ्ठ्यावर नावही तेच होतं: चंपत, ब्लास्ट फर्नेस. पण काल संध्याकाळपर्यंत ज्यावर तपकिरी कॉलर दिसत होती, बाह्या दिसत होत्या, खिशाजवळचं ठिणगीनं पडलेलं भोकसुद्धा दिसत होतं, तो अख्खा पत्रा चंदेरी रंगात चमकत होता. शेजारचे पत्रेही तसेच. सिविक सेंटरच्या मैदानात उत्सवासाठी ओळीनं उभे केलेले ते सगळे पत्रे नव्या गोदरेज कपाटांच्या दारांसारखे दिसत होते.

त्यांच्यापुढे आयानो उभी होती. जन्मानं जपानी, आणि आता कित्येक वर्षं कमलाच्या स्मृति नगरातल्या घरात वरच्या खोलीत राहणारी. फोटो, फिल्म, कापड, लोखंड, ती कशातही काम करायची. हे काम तिनं स्टील प्लांटमधल्या वारलेल्या कामगारांवर केलं होतं. त्यांचा ड्युटीचा शर्ट मिठाच्या पाण्यात बुडवून पत्र्यावर पसरायचा, दिवसेंदिवस ओला ठेवायचा. खाली जो गंज धरेल तेच चित्र. पेटीतला शर्ट काढून द्यायला कमलाला एक अख्खा पावसाळा लागला होता. शर्टाच्या पार चिंध्या झाल्या. राहिला तो पत्र्यावरचा.

उत्सव समितीचा पराग हातातली पिशवी सांभाळत लगबगीनं आला.

"कसं वाटलं, मॅडम? एकदम चकाचक करून टाकलं. पहाटेच पेंटर लावले," तो म्हणाला. एवढं करून स्वारी शाबासकीची वाट पाहत होती.

"कावून?" आयानोनं विचारलं. मराठी ती कमलाच्या स्वयंपाकघरात शिकली होती.

"सगळं गंजलं होतं न, मॅडम. पाहुणे रायपूरवरून येऊन राहिले. स्टीलच्या गावात त्यायले गंज दाखवाचा का?"

बरोबरच होतं त्याचं. पाहुणे यायचे म्हटलं की या गावात झाडांच्या बुंध्यांनाही गेरू-चुना लागतो, तिथं गंजल्या पत्र्यांची काय कथा. पत्र्यांच्या मागच्या बाजूला मात्र ब्रश टेकवलेला नव्हता. पाहुणे मागे जात नाहीत.

"तो गंजच माझं काम होतं," आयानो म्हणाली. "मी सांगितलं होतं तुमाले. हात नका लावू म्हणून."

"हो न, मॅडम. पण पब्लिकले ते समजत नाही." परागनं पिशवीत हात घातला आणि एक गुलाबी नायलॉनचा किमोनो बाहेर काढला. फॅन्सी ड्रेसच्या दुकानातून आणलेला. गॅदरिंगला पोरी घालतात तो. पाठीवर बगळे छापलेले होते आणि बगलेत शिवण उसवली होती. "हा तेवढा घालून घ्या. स्टेजवर लेकरायले कागदाचे पक्षी शिकवाचे. बॅनरवर तसंच छापलं आहे."

आयानोनं किमोनोकडे पाहिलं.

"बर्लिनमध्ये हेच दिलं होतं. लंडनमध्ये बी हेच," ती म्हणाली. "मी जनमभर काम करून राहिली, आणि लोक मले कपडे देऊन राहिले."

पराग हसला. त्याला ते कौतुकाचं वाटलं असावं.

कमला इतका वेळ पत्र्यापाशीच होती. तिनं मागं न वळता विचारलं, "बाई, हा रंग निघते का?"

"रंग घासून काढला तर गंज बी निघते, ताई."

राग आला की कमलाचा आवाज चढत नसे, बंद होत असे. तिनं हात वर केला आणि जिथं कॉलर होती तिथं बोट टेकवलं. रंग अजून ओला होता. बोट सरकलं तशी चंदेरीखालून तपकिरी रेघ उघडी पडली. कॉलर झाली. मग खांदा. मग खाली बाही, चंपत दुमडायचा तितकीच.

"काकू, हात नका लावू," पराग घाईनं पुढे झाला. "ओला आहे तो. खराब होऊन राहिला न रंग."

कमलाचं बोट थांबलं.

"तुमचा रंग खराब होऊन राहिला, भाऊ?" ती म्हणाली. "आन माहा माणूस पुसला तुमी, ते?"

तेवढ्यात रस्त्यावर सायरन वाजला. पाहुण्यांच्या गाड्या मैदानाकडे वळत होत्या. परागनं एकदा गाड्यांकडे पाहिलं, एकदा पत्र्याकडे, आणि किमोनो आयानोपुढे धरला.

"मॅडम, प्लीज. दोन मिनिटं."

आयानोनं किमोनो घेतला. परागचा जीव भांड्यात पडला. "थँक्यू, मॅडम," तो म्हणाला.

तिनं कमलाचा माखलेला हात हातात घेतला आणि ती किमोनोनं एकेक बोट पुसायला लागली. नायलॉनच ते, रंग धड टिपत नव्हतं. ती घासत राहिली. बगळे चंदेरी झाले.

पलीकडे गाड्यांची दारं उघडत होती.

"थांब बाई," कमलानं हात सोडवून घेतला. "खिशाजवळचं भोक राहिलं."

ती पुन्हा पत्र्याकडे वळली. आयानोनं किमोनो खाली टाकला नाही. पुढच्या बोटासाठी हातात धरून ठेवला.