वाच्यता

"पाहता येईल. नक्कल मिळणार नाही, आणि लिहूनही घ्यायचं नाही," असं म्हणून साहेबांनी फाइल तिच्यापुढे सरकवली. फोन आधीच त्यांच्या खणात गेले होते. मजकुराची बाहेर वाच्यता करणार नाही, अशा छापील ओळीखाली दोघींच्या सह्याही झाल्या होत्या. दोघींच्या म्हणजे तिची आणि सोबतीला आलेल्या तिच्या थोरल्या जावेची.

पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावर क्लोरीनची गळती होऊन तिथला ऑपरेटर असलेला तिचा नवरा गेला, त्याच्या चौकशीचा हा अहवाल होता. झडप उघडी राहिली, ऑपरेटरचा निष्काळजीपणा, असं खात्याने तेव्हाच जाहीर करून टाकलं होतं. पेपरात तेच आलं. त्या दिवशी केंद्रामागच्या तिच्या गल्लीतली माणसं खोकून खोकून बेजार झाली होती, म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तेव्हापासून शेजारणी तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत.

तिने पानं भराभर उलटली. मग एका पानावर थांबली आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. झडप झिजलेली होती. ती बदलून द्या, असं ऑपरेटरने वारंवार लेखी कळवलं होतं आणि वरून दर वेळी मागणी पुढे ढकलली गेली होती. गळती सुरू झाल्यावर तो बाहेर पडला होता. गॅस वस्तीकडे जातोय हे पाहून झडप हाताने बंद करायला तो पुन्हा आत गेला.

जावेनेही ते वाचलं. टेबलाखाली तिचा गुडघा घट्ट दाबून धरला.

मग हे लोकांना का सांगत नाही, असं तिने विचारलं. अहवाल अजून विचाराधीन आहे, साहेब म्हणाले. आपल्या हातात काही नाही, हे दाखवलं तेच पुष्कळ झालं, असंही म्हणाले. माणूस वाईट नव्हता. तिचा आवाज चिरकला तेव्हा त्यांनी स्वतः उठून पाण्याचा ग्लास आणून दिला. तो खाली ठेवता ठेवता ते जावेकडे वळले.

"तुमचे मिस्टर अजून आपल्याच केंद्रावर आहेत ना? सरळ माणूस आहे. जपा त्यांना."

जावेने हिच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

बाहेर जिन्याखाली बातमीदार उभा होता. पाहण्याची परवानगी मिळवायचा अर्ज त्यानेच लिहून दिला होता, पण त्याला स्वतःला आत सोडलं नव्हतं. कागद मिळाला का, असं त्याने विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. कागदाशिवाय छापलं की काय होतं, हे तो जाणून होता. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस अशाच एका बातमीपायी अजून कोर्टाच्या खेपा घालत होता, आणि संपादकांनी सगळ्यांना तंबी देऊन ठेवली होती.

"तुम्ही स्वतःच्या नावानं सांगणार असाल, तर मात्र मी भांडेन त्यांच्याशी," तो म्हणाला. "काय लिहिलं होतं?"

तिने जावेकडे पाहिलं. जाऊ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"तू सांग," जाऊ म्हणाली. "मी नाही म्हणणार नाही."

तिने बराच वेळ त्या बोटाकडे पाहिलं. बंद इतका आवळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"काही कळलंच नाही हो," ती बातमीदाराला म्हणाली. "अक्षर फार बारीक होतं."

तो काय समजायचं ते समजला. वही न उघडताच त्याने खिशात घातली आणि रस्त्यापर्यंत दोघींना सोडायला आला.

घरी सासूबाई पलंगावर वाट पाहत बसल्या होत्या. त्यांना कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे. आपल्या घरातलं मीठ संपलं की कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आधी कळतं, असं तिचा नवरा हसून म्हणायचा. पलंगाशेजारची खिडकी सताड उघडी होती. बाहेर पायरीवर शेजारणी बोलत बसल्या होत्या. या दोघींना आत येताना पाहून त्या गप्प झाल्या होत्या.

"पाहिलंस?" सासूबाईंनी विचारलं. "चूक होती त्याची?"

तिने जोरजोरात मान हलवली. नाही. नाही.

सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी तिचं मनगट पकडलं. "मग मोठ्यानं सांग की. बाहेर सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तिने तोंड उघडलं. दारात जाऊ चपला न काढता तशीच उभी होती. तिच्या मागच्या खुंटीवर थोरल्या दिरांचा कामावर घालायचा सदरा धुऊन, इस्त्री करून लावला होता.

तिने मनगट सोडवून घेतलं. खिडकी ओढून घेतली, कडी लावली. मग सासूबाईंच्या शेजारी बसून त्यांच्या कानाला अगदी तोंड लावून हळू आवाजात सांगू लागली, झडपेचं, त्याच्या अर्जांचं, तो पुन्हा आत गेला त्याचं. सासूबाईंना त्यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. त्या बंद खिडकीकडे पाहत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "माझं मन राखायला नको बोलूस."