हातांवरचा झोत

गाणाऱ्या बाईंचं कडवं संपलं. लाइटवाल्यानं नेहमीप्रमाणे सगळे दिवे मालवले आणि एकच झोत मास्तरांच्या हातांवर टाकला. आता त्यांचा एकट्याचा तुकडा. या झोतासाठीच तर ते या वयातही ऑर्केस्ट्रात टिकून होते.

सुरुवात बासरीच्या आवाजात झाली. मग व्हायोलिनं यायला हवी होती. आवाज बदलायला मास्तरांनी कीबोर्डच्या स्क्रीनवर बोट टेकवलं. स्क्रीन ढिम्म. पुन्हा टेकवलं. पुन्हा ढिम्म.

वयानं बोटांची टोकं वाळून खडखडीत झाली होती. पट्ट्यांना ती चालत, या काचेला चालत नव्हती. जुन्या कीबोर्डला बटणं होती. व्हायोलिनचं जरा सैल, अंधारातही बोट बरोबर तिथेच जायचं. ऑर्केस्ट्राच्या मालकानं तो परस्पर विकला आणि हे चकचकीत ध्यान आणून ठेवलं.

तालमीतही असंच अडलं होतं. तेव्हा मालक तोंडात घास घोळवत पुढे आला होता. बोट जिभेवर ओलं करून त्यानं स्क्रीन दाबली होती. "बघा, लागलं की नाही? थोडी थुंकी लावा मास्तर, थुंकीला काय तोटा!" त्याचा तो तेलकट ठसा अजून काचेवर तसाच होता.

आणि आता विंगेतल्या मिणमिणत्या दिव्याखाली उभा राहून तो जीभ बाहेर काढून दाखवत होता. त्या जिभेकडे बघून मास्तरांना शिसारी आली. थुंकी तर ते मेले तरी लावणार नव्हते. दोन्ही हात सुरांत गुंतलेले. ते वाकले आणि त्यांनी नाकानं स्क्रीन दाबली. नेमकी त्या ठशावरच.

व्हायोलिनं आली. आधी हशा पिकला, मग टाळ्या, मग शिट्ट्या. "पुन्हा! पुन्हा नाक!" पुढचा तुकडा मास्तरांनी जीव ओतून वाजवला. त्या गोंगाटात तो कुणालाच ऐकू गेला नाही.

मध्यंतरात ते रुमालानं खसाखसा नाक पुसत होते. पुसून पुसून ते लाल झालं तरी त्यांचं समाधान होईना. मालक धावतच आला.

"काय डोकं चालवलंत मास्तर! इतकी वर्षं ही कला कुठे लपवली होतीत?"

"मला बटणांचा कीबोर्ड आणून द्या."

"बटणं दाबलेली बघायला कोण येतंय?" मालकानं त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि लाइटवाल्याला हाक दिली, "अरे, उद्यापासून झोत हातांवर नको. नाकावर धर!"