सरसाचं भांडं

सरसाच्या कामाला कोणी इस्त्रीचा शर्ट घालतं का? कारागिराने घातला होता. इस्त्री त्याच्या बायकोनेच, म्हणजे वहिनींनीच केली होती, त्यामुळे त्यांना आता बोलायचीही सोय नव्हती.

खिडकीखालच्या बाकावर आखूड लाकडी धनुष्य पाठ वर करून बांधलं होतं. आज त्या पाठीवर तंतू चढवायचे होते. जनावराच्या पायातल्या शिरा वाळवून, कुटून, विंचरून काढलेले तंतू. ते तोंडात धरून मऊ करायचे, सरसात, म्हणजे कातडी आटवून केलेल्या गोंदात बुडवायचे आणि लाकडावर एकाला एक लावत न्यायचे. लग्न झाल्यापासून तोंडात तंतू धरायचे ते वहिनींनी. कारागीर न बघता हात पुढे करी आणि त्यांच्या ओठांतला तंतू त्याच्या चिमटीत येई. तेवढा वेळ वहिनींना बोलता येत नसे. "तेवढीच मला विश्रांती," असं तो चारचौघांत सांगायचा.

आज वहिनींच्या स्टुलावर पाहुणी बसली होती. लांबून आलेली, नामांकित तिरंदाज. धनुष्य तिचंच.

"माझे तंतू मीच धरणार हं, उस्ताद," ती म्हणाली.

उस्ताद! कारागिराची पाठ सरळ झाली. "अगं, तू आज नुसता सरस बघ," त्याने वहिनींना सांगितलं.

"बघते की. दुसरं काय येतं मला!" म्हणत वहिनी शेगडीपाशी बसल्या.

सरस तापायला हवा, पण उकळता कामा नये. उकळला तरी दिसतो तसाच, चिकटतोही. पण पुढे धनुष्य वाळलं, दोरी पुरती ओढली, की तंतू पाठीवरून सुटून येतात. म्हणून भांडं सारखं शेगडीवरून उचलायचं आणि पुन्हा ठेवायचं.

पाहुणीने पहिला तंतू ओठांत धरला. "ई! काय चव आहे ही!"

कारागीर खो खो हसला. वहिनींच्या तोंडाला इतकी वर्षं कसली चव येते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याने हात पुढे केला. आज मात्र बघत केला.

वहिनींच्या अंगाची लाही लाही झाली. तिचं धनुष्य चारचौघांत मोडावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. भांड्याच्या कडेला एक बुडबुडा आला, मग दोन-चार, मग सगळा सरस खदखदू लागला. वहिनी बघत राहिल्या. वाफ ओसरल्यावर त्यांनी भांडं बाकावर नेलं.

"तपासायचा नाही, उस्ताद? जास्त तापला तर वाया जातो म्हणे."

"सरसाला ही बसलीये," कारागीर मान वर न करता म्हणाला. "त्यात काय तपासायचं?"

त्याने तंतू बुडवायला हात पुढे केला. वहिनींनी भांडं मागे ओढलं.

"उकळला," त्या म्हणाल्या. "माझं लक्ष नव्हतं." आणि सगळा सरस मोरीत ओतून आल्या.

नवा सरस रात्रभर भिजायला हवा होता आणि पाहुणीची गाडी संध्याकाळची. "आता तंतू तुम्हीच धरा, वहिनी," असं म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी वहिनी आपल्या स्टुलावर बसल्या. कारागिराच्या अंगात कोपरावर विरलेला जुना शर्ट होता. त्याने न बघता हात पुढे केला, वहिनींनी ओठांतला तंतू दिला. सगळं नेहमीसारखंच.

मग त्याने भांड्यात करंगळी बुडवली, जरा वेळ तशीच ठेवली आणि मान डोलावली.

वहिनींनी तोवर दुसरा तंतू तोंडात धरला होता. त्यांना बोलता आलं नाही.