एका ओळीचा कंटेनर

नेरच्या घरी भरदुपारी निकिताने लॅपटॉपवर कंटेनरच्या सरावाची सगळी मांडणी करून घेतली. पहिला धडा सोपा होता. कंटेनर, म्हणजे संगणकाच्या आत स्वतंत्र चालणारा छोटा बंदिस्त प्रोग्राम, सुरू होतो, नमस्काराची एक ओळ छापतो आणि लगेच बंद पडतो.

तिने एंटर मारला. ओळ उमटली.

"जेवली का वं, निकू?"

तिला निकू म्हणायची ती फक्त आई. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं.

निकिताने घाईघाईने "नाही आई" असं टाइप केलं, पण कंटेनर तोवर बंद पडला होता. आत ऐकायला कोणी उरलं नव्हतं. तिने नवा सुरू केला. तीच ओळ आली आणि तोही बंद पडला. मग आणखी एक. तिचं उत्तर पोचेपर्यंत एकही टिकेना. बंद पडलेल्या कंटेनरांच्या यादीने लॅपटॉपचा पडदा भरून गेला.

ओसरीवर तिचे वडील मारोतराव पाठमोरे बसून तुरीचं बियाणं निवडत होते. लॅपटॉप त्यांना दिसत नव्हता आणि तिने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

तिने पुन्हा एंटर मारला.

मारोतरावांचा हात सुपात थांबला. मागे न वळता ते म्हणाले, "पोरी, घडीघडी काहून मारून राह्यली वं तिले?"